‘टेस्ट’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि वापर: मराठी भाषकांसाठी पायरीपायरीने

ताप आला की आपण सहज म्हणतो, ‘तोंडाला चव नाही.’ हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की बरेच जण ‘आय हॅव नो टेस्ट’ म्हणतात. ऐकणाऱ्याला त्यातून भलतंच कळतं. या माणसाला कपडे, संगीत, घराची सजावट यातलं काही कळत नाही आणि तो ते स्वतःच सांगतोय, असा त्याचा अर्थ होतो. डॉक्टर संदर्भावरून समजून घेतील, पण वाक्य चुकलं ते चुकलंच. बरोबर वाक्य ‘आय कान्ट टेस्ट एनिथिंग’ किंवा ‘आय हॅव लॉस्ट माय सेन्स ऑफ टेस्ट’ असं आहे.

हा घोळ होतो कारण मराठीत या कामासाठी शब्दांची रांग आहे: चव, रुची, आवड, चटक, पसंती, अभिरुची, औचित्य, शिवाय चाखणं आणि लागणं. इंग्रजीत यातलं बहुतेक ओझं एकट्या ‘टेस्ट’वर पडतं. मग कुठला अर्थ घ्यायचा हे ठरतं कशावरून? आजूबाजूच्या छोट्या शब्दांवरून. पुढे ‘ऑफ’ आहे, ‘फॉर’ आहे की ‘इन’, मागे ‘टु’, ‘इन’ किंवा ‘अ’ आहे की नाही, एवढं पाहिलं की अर्थ सापडतो. बहुतेक जण ‘टेस्ट’चे अर्थ पाठ करतात आणि हे छोटे शब्द सोडून देतात. लक्ष द्यायला हवं ते नेमकं त्यांच्याकडे, म्हणून लेखाचा मोठा भाग त्यांच्यावरच आहे.

एक सूचना: या लेखात नुसतं ‘टेस्ट’ लिहिलं असेल तिथे चवीचा शब्द समजावा. परीक्षा, चाचणी या अर्थाचा जो दुसरा ‘टेस्ट’ आहे, त्याला मी ‘परीक्षेची टेस्ट’ म्हणेन.

पायरी १: आधी उच्चार वेगळा करा

देवनागरीत दोन्ही शब्द ‘टेस्ट’ असेच लिहिले जातात आणि आपण ते बोलतोही सारखेच. मराठीतला ‘ए’ एका जागी स्थिर राहतो. इंग्रजीत परीक्षेच्या टेस्टमधला ‘ए’ आखूड आणि तुटक असतो. चवीच्या टेस्टमध्ये जीभ ‘ए’पासून सुरू होऊन ‘इ’कडे सरकते, साधारण ‘टेइस्ट’ असं. घाईत ‘टेइस्ट’ म्हणून पाहा, मग तो ‘इ’ अर्धवट गिळा. जे उरेल ते बरोबर आहे.

ही एका शब्दापुरती अडचण नाही. ‘वेट’ म्हणजे थांबणं आणि ‘वेट’ म्हणजे ओलं, ‘लेट’ म्हणजे उशीर आणि ‘लेट’ म्हणजे होऊ देणं, ‘पेन’ म्हणजे दुखणं आणि ‘पेन’ म्हणजे लेखणी, या सगळ्या जोड्यांत हाच फरक आहे. स्वयंपाकघरात सर्वांत उपयोगी पडणारी जोडी ‘पेपर’ची. कागदाच्या पेपरमध्ये ‘इ’कडे सरकायचं, मिरीच्या पेपरमध्ये नाही. हॉटेलात मिरपूड मागताना ‘पेइपर’ म्हटलंत तर वेटर कागद घेऊन येईल.

‘टेस्टी’चंही तेच. चविष्ट या अर्थाचा शब्द ‘टेइस्टी’ आहे. आखूड ‘ए’ घेऊन ‘टेस्टी’ म्हटलं तर इंग्रजीत त्याचा अर्थ चिडका, चटकन तापणारा असा होतो. यजमानीणबाईंनी केलेल्या जेवणाचं कौतुक करताना एवढी काळजी घेणं भाग आहे.

दोन्ही शब्दांचं मूळही वेगळं आहे. परीक्षेची टेस्ट म्हणजे मुळात सोनं-चांदी कसाला लावायचं मातीचं भांडं, आपली मूस म्हणा. चवीची टेस्ट जुन्या फ्रेंचमधून आली आणि तिथे तिचा अर्थ होता हाताने चाचपणं, स्पर्श करून अंदाज घेणं. आजच्या फ्रेंचमध्ये तो धागा अजून शिल्लक आहे. इंग्रजीत तो हातावरून जिभेवर गेला, आणि सतराव्या-अठराव्या शतकात जिभेवरून सौंदर्याच्या पारखीपर्यंत पोचला. चाचपणं, चाखणं, पारखणं: हा प्रवास लक्षात ठेवला तर पुढचे सगळे अर्थ एका ओळीत बसतात.

पायरी २: क्रियापद असेल तर तीन मराठी क्रियापदांपैकी कुठलं ते ठरवा

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून जरा थांबू.

‘भाजी छान लागते’ यात भाजी काही करत नाही. तिचा गुण आपण सांगतोय. इंग्रजीत: ‘द भाजी टेस्ट्स गुड’. इथे ‘टेस्ट’ हे ‘इज’सारखं काम करतं. त्यामुळे पुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. ‘टेस्ट्स गुड’ बरोबर, ‘टेस्ट्स वेल’ चूक. ‘टेस्ट्स स्वीट’ बरोबर, ‘टेस्ट्स स्वीटली’ चूक. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘साउंड’, ‘फील’ ही क्रियापदंही याच घराण्यातली आहेत. एकाला जमलं की पाचही जमतात.

‘आमटी चाखून बघ’ यात मात्र माणूस काहीतरी करतोय. ‘टेस्ट द आमटी.’ इथे ‘टेस्ट’ला कर्म लागतं.

तिसरा अर्थ चव कळण्याचा. ‘मला यात लसणाची चव लागतेय’, म्हणजे ‘आय कॅन टेस्ट गार्लिक इन धिस’. हे मुद्दाम केलेलं काम नाही, जिभेला आपोआप कळलेलं आहे. म्हणून इंग्रजीत जवळजवळ नेहमी ‘कॅन’ जोडतात. ‘आय अ‍ॅम टेस्टिंग गार्लिक’ म्हटलं तर तुम्ही लसूण चाखायला बसलाय असं वाटेल.

‘इंग’ कधी लावायचं तेही यातूनच कळतं. ‘शी इज टेस्टिंग द आमटी’ चालतं, कारण ती चाखतेय. ‘द आमटी इज टेस्टिंग नाइस’ हे प्रमाण इंग्रजीत चालत नाही, कारण आमटी काही करत नाहीये. मराठीत ‘छान लागतेय’ असं चालू काळात म्हणतो, म्हणून आपण नकळत तिथे ‘इंग’ लावतो. भारतात हे वाक्य इतकं रुळलंय की इथे कुणाला खटकत नाही. पण परदेशातल्या सहकाऱ्याला, परीक्षकाला किंवा पाककृतीच्या इंग्रजी वाचकाला खटकतं. ‘टेस्ट्स नाइस’ म्हणायची सवय लावून घ्या. तोंडात घास असताना, त्या क्षणीसुद्धा, इंग्रजीत साधा वर्तमानकाळच येतो.

पानात वाढताना आपण ‘चव बघा’, ‘टेस्ट करून बघा’ म्हणतो. त्याचं ‘सी द टेस्ट’ करू नका. इंग्रजीत आग्रह करायचा साधा शब्द ‘ट्राय’ आहे: ‘ट्राय सम’, ‘यू मस्ट ट्राय धिस’. एखादा पदार्थ आजवर खाल्लाय का, हे विचारतानाही ‘हॅव यू एव्हर ट्राइड पुरणपोळी?’ जास्त स्वाभाविक. ‘हॅव यू टेस्टेड’ चूक नाही, पण त्यात जिभेच्या टोकावर घेऊन पाहिल्याचा भाव येतो. पुरणपोळी तशी खायची गोष्ट नाही.

पायरी ३: नाम असेल तर मागे ‘अ’ आहे का बघा

‘द मँगो हॅज अ लव्हली टेस्ट’, आंब्याची चव छान आहे. ‘शी हॅज लव्हली टेस्ट’, तिची पारख, तिची अभिरुची छान आहे. कर्ता सोडला तर दोन वाक्यांत फरक फक्त त्या ‘अ’चा.

पदार्थाची चव मोजता येण्यासारखी एक गोष्ट मानली जाते, म्हणून ‘अ’. माणसाची अभिरुची हा गुण, तो मोजत नाहीत, म्हणून ‘अ’ नाही. कुणाच्या घराचं कौतुक करताना ‘यू हॅव अ गुड टेस्ट’ म्हणण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. तो ‘अ’ काढून टाका. ‘यू हॅव गुड टेस्ट’ एवढंच.

अनेकवचन आलं, ‘टेस्ट्स’ असं, तर बहुधा आवडीनिवडी समजाव्यात. ‘ही हॅज एक्स्पेन्सिव्ह टेस्ट्स’ म्हणजे त्याच्या आवडी खर्चिक आहेत. ‘टेस्ट्स डिफर’ म्हणजे आवडी निरनिराळ्या असतात, आपलं ‘भिन्नरुचिर्हि लोकः’. कालिदासाच्या या ओळीत ‘रुचि’ शब्द नेमकं तेच काम करतो जे इंग्रजीत ‘टेस्ट’ करतो: जिभेची रुची आणि मनाची रुची एकाच शब्दात. म्हणजे आपल्याला हा प्रकार परका नाही. रोजच्या मराठीत आपण दोन्हींसाठी वेगळे शब्द वापरतो, एवढंच.

‘अ टेस्ट’चा आणखी एक अर्थ आहे: अगदी थोडंसं, जिभेवर ठेवण्यापुरतं. ‘जस्ट अ टेस्ट, प्लीज’ म्हटलं की वाढणाऱ्याने चमचाभरच वाढावं. आग्रहाच्या पंगतीत हे वाक्य फार कामाला येतं.

पायरी ४: पुढचा-मागचा छोटा शब्द वाचा

आता मुख्य भाग.

‘टेस्ट ऑफ’ नाम असेल तर दोन अर्थ. एक, अमुक गोष्टीची चव: ‘द टेस्ट ऑफ रॉ मँगो’, कैरीची चव. दुसरा, एखाद्या अनुभवाचा पहिला, छोटा नमुना: ‘अ टेस्ट ऑफ फ्रीडम’. ‘अमूल’चं ‘द टेस्ट ऑफ इंडिया’ हे घोषवाक्य आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. त्यात ‘भारताची चव’ आणि ‘भारताचा अनुभव’ हे दोन्ही अर्थ ऐकू येतात, म्हणून ते इतकं नेमकं बसलंय. त्याचं ‘अ टेस्ट ऑफ इंडिया’ केलं तर परदेशातल्या एखाद्या महोत्सवाचा फलक होईल: या, भारताची थोडी झलक घ्या.

‘टेस्ट्स ऑफ’ आणि ‘टेस्ट्स लाइक’ या क्रियापदाच्या जोड्या. ‘द टी टेस्ट्स ऑफ जिंजर’ म्हणजे चहाला आल्याची चव आहे, ती चव त्यात खरोखर उतरलीय. ‘द टी टेस्ट्स लाइक मेडिसिन’ म्हणजे चहा औषधासारखा लागतो. त्यात औषध नाही, नुसतं साम्य आहे. रोजच्या बोलण्यात, विशेषतः अमेरिकेत, दोन्हीकडे ‘लाइक’ वापरतात. पण तुम्ही पाककृती लिहीत असाल किंवा एखाद्या पदार्थाबद्दल तक्रार करत असाल तर फरक पाळावा. पाण्याला क्लोरीनची चव येतेय हे सांगताना ‘टेस्ट्स ऑफ क्लोरीन’ म्हटलं की तक्रार स्पष्ट होते. कच्च्या फणसाच्या भाजीबद्दल परदेशात ‘टेस्ट्स लाइक मीट’ म्हणतात, तिथे ‘ऑफ’ वापरलं तर शाकाहारी पाहुणा ताट बाजूला सारेल.

‘टेस्ट फॉर’ म्हणजे आवड, ओढ, कधीकधी चटक. ‘ऑफ’ आणि ‘फॉर’मधला फरक पाहायला ही दोन वाक्यं पुरेशी आहेत. ‘ही गॉट अ टेस्ट ऑफ पॉवर’, त्याने सत्तेची चव चाखली. ‘ही गॉट अ टेस्ट फॉर पॉवर’, त्याला सत्तेची चटक लागली. पहिल्यात अनुभव झाला, दुसऱ्यात सवय जडली. मराठीत हा फरक क्रियापदात आहे, इंग्रजीत एका छोट्या शब्दात.

नव्याने आवड निर्माण झाली तर ‘डेव्हलप अ टेस्ट फॉर’ किंवा ‘अ‍ॅक्वायर अ टेस्ट फॉर’. यातूनच ‘अ‍ॅन अ‍ॅक्वायर्ड टेस्ट’ हा फार कामाचा शब्दप्रयोग आला. पहिल्या घासाला आवडत नाही, पण खात गेलं की आवडायला लागतं अशा पदार्थाला तसं म्हणतात. कारलं, सुकट, ऑलिव्ह, कडक काळी कॉफी, वासाचं चीज, सगळं यात बसतं. परदेशी मित्राला सुकटाची चटणी वाढायच्या आधी ‘इट्स अ‍ॅन अ‍ॅक्वायर्ड टेस्ट’ म्हणून ठेवा. त्याला नाही आवडली तरी कुणाला वाईट वाटणार नाही.

‘टेस्ट इन’ म्हणजे निवड, पारख. ‘हर टेस्ट इन सारीज’, ‘हिज टेस्ट इन म्युझिक’. इथे ‘ऑफ’ टाकण्याची चूक मराठीमुळे होते. ‘संगीताची आवड’मधल्या ‘ची’चं आपण ‘ऑफ’ करतो. ‘टेस्ट ऑफ म्युझिक’ म्हणजे संगीताची झलक, संगीताची निवड नव्हे. ‘फॉर’ आणि ‘इन’मध्येही अंतर आहे. ‘अ टेस्ट फॉर म्युझिक’ असलेल्या माणसाला संगीत आवडतं. ‘गुड टेस्ट इन म्युझिक’ असलेला माणूस चांगलं संगीत निवडतो. एकाला एक असेल, दुसऱ्याला दुसरं.

‘टु टेस्ट’ पाककृतीत येतं. ‘सॉल्ट टु टेस्ट’ म्हणजे चवीपुरतं मीठ, चवीनुसार मीठ. काही भाषांतरांत ‘मीठ चाखण्यासाठी’ असं लिहिलेलं सापडतं, ते चूक. उलट दिशेने, तुम्ही मराठी पाककृती इंग्रजीत लिहीत असाल तर ‘चवीपुरतं’साठी ‘अ‍ॅकॉर्डिंग टु टेस्ट’ वगैरे लांबण नको, ‘टु टेस्ट’ पुरे. आता, नैवेद्याचा स्वयंपाक आपल्याकडे चाखत नाहीत. तिथे ‘चवीपुरतं’ म्हणजे हाताचा अंदाज आणि फोडणीचा वास. ही गोष्ट इंग्रजी वाचकाला माहीत नसते. तेव्हा अशा पाककृतीत चमच्याचं माप नक्की द्या, आणि न चाखण्याचं कारणही एका ओळीत सांगा.

‘टु माय टेस्ट’ म्हणजे माझ्या पसंतीचं. ‘नॉट टु माय टेस्ट’ हा सभ्य नकार. ‘अ बिट टू स्वीट फॉर माय टेस्ट’ म्हणजे माझ्या मानाने जरा गोड. पदार्थ वाईट आहे असं न म्हणता आपली आवड वेगळी आहे एवढंच त्यातून पोचतं. आपण जिथे ‘छान आहे, पण मला जरा गोड कमी लागतं’ म्हणतो तिथे हे वाक्य चपखल बसतं.

राहिलं ‘इन गुड टेस्ट’ आणि ‘इन बॅड टेस्ट’. इथे जिभेचा संबंध संपला. प्रश्न औचित्याचा आहे. कुणाच्या दुःखाच्या वेळी केलेला विनोद ‘इन बॅड टेस्ट’ किंवा ‘इन पुअर टेस्ट’ असतो. प्रसंगाचं भान न ठेवणं, असभ्य वाटेल असं वागणं, हे सगळं त्यात येतं. कुणी तुमच्या ईमेलला उत्तर देताना ‘दॅट वॉज इन पुअर टेस्ट’ लिहिलं असेल तर तो साधा अभिप्राय नाही, नाराजी आहे. ती गंभीरपणे घ्या.

पायरी ५: शेपूट लागलेले शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका

‘टेस्टी’ फक्त खाण्यापिण्यासाठी. ‘टेस्टफुल’ खाण्यासाठी कधीच नाही. ते घर, कपडे, दागिने, निमंत्रणपत्रिका यांच्यासाठी. ‘टेस्टफुल फूड’ हा शब्दप्रयोग आपल्याकडच्या जाहिरातींत दिसतो, तो चुकीचा आहे.

‘टेस्टलेस’ दोन्हीकडे चालतं, म्हणून धोक्याचं. पदार्थाबद्दल असेल तर बेचव, विनोदाबद्दल किंवा सजावटीबद्दल असेल तर हिणकस. जेवण मिळमिळीत, सपक असेल तर ‘ब्लँड’ म्हणा, तो सौम्य शब्द आहे. ‘डिस्टेस्टफुल’ पदार्थासाठी नसतंच. नकोसं वाटणारं काम, किळस आणणारी वागणूक यांना ते लागू होतं.

‘आफ्टरटेस्ट’ म्हणजे घास गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारी चव. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं, हे लहानपणी प्रत्येकाने केलेलं असतं. ते सांगायला हा शब्द आहे. ‘फोरटेस्ट’ खाण्याचा नाही, पुढे काय वाढून ठेवलंय त्याची आधीच मिळालेली चुणूक असा त्याचा अर्थ. ‘टेस्टिंग’ नाम म्हणून आलं तर चव घेण्याचा कार्यक्रम. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत ‘वाइन टेस्टिंग’ असतं ते हेच. तिथे दोन-चार घोट घेऊन वास, चव आणि मागे राहणारी चव यांवर बोलायचं असतं, पेला रिकामा करायचा नसतो.

आणि ‘डिलिशस’बद्दल: हा शब्द मुळातच जोरकस आहे, म्हणून त्याला ‘व्हेरी’ सहसा लावत नाहीत. ‘अ‍ॅब्सोल्यूटली डिलिशस’ किंवा नुसतंच ‘डिलिशस’.

पायरी ६: ‘टेस्ट’ आणि ‘फ्लेव्हर’ वेगळे ठेवा

घरच्या घरी कळेल असा हा फरक आहे. नाक घट्ट चिमटीत धरा आणि वेलदोड्याचं श्रीखंड खा. गोड कळेल, आंबूस कळेल, वेलदोडा कळणार नाही. चिमटी सोडा, वेलदोडा लगेच येईल. नाक बंद असताना जे कळलं ते ‘टेस्ट’. नाक उघडल्यावर जे सगळं मिळून आलं ते ‘फ्लेव्हर’.

शास्त्रीय अर्थाने जिभेला कळणाऱ्या मूळ चवी पाच मानतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्शाची भरलेली, रुचकर चव. उमामीची ओळख जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्शावरून करून दिली. बाकी सगळं, व्हॅनिला, केवडा, केशर, हिंग, हे नाकाचं काम. घास तोंडात असताना वास घशाच्या मागून नाकाकडे चढतो, म्हणून आपल्याला ते जिभेवरच आहे असं वाटतं. सर्दीत जेवण बेचव होतं ते याच कारणाने. जीभ बहुधा ठीक असते, नाक बंद असतं. २०२० मध्ये कोविडच्या साथीत असंख्य लोकांची चव गेली असं आपण म्हणत होतो, त्यातल्या अनेकांचा गेला होता मुख्यतः वास.

म्हणून आइस्क्रीम निवडताना ‘व्हिच टेस्ट?’ नव्हे, ‘व्हिच फ्लेव्हर?’. मराठीत आपण ‘कुठला फ्लेव्हर?’ असंच विचारतो, ते बरोबर आहे. लिहिताना ब्रिटिश पद्धतीत ‘फ्लेव्हर’च्या शेवटच्या ‘आर’आधी ‘यू’ असतो, अमेरिकन पद्धतीत नसतो. एका लेखात दोन्ही मिसळू नका.

पायरी ७: आपल्या चवी इंग्रजीत सांगताना

‘टेस्ट्स’च्या पुढे विशेषण कुठलं ठेवायचं, हा खरा रोजचा प्रश्न.

तिखटाची अडचण सर्वांत मोठी. ‘द मिसळ इज हॉट’ म्हटलं तर ती गरम की तिखट हे कळत नाही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, आणि गंमत अशी की शरीरही दोन्हींना एकाच दाराने आत घेतं. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक जिभेवरच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतो, तोच रिसेप्टर चटका बसणारी उष्णताही ओळखतो. हे १९९७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळालं. तेव्हा तिखट ही काटेकोर अर्थाने ‘टेस्ट’ नाहीच, ती आग आहे. बोलताना ‘स्पायसी’ वापरा. पण ‘स्पायसी’चा अर्थ मसालेदार असाही होतो, दालचिनी घातलेला केकसुद्धा ‘स्पायसी’ असू शकतो. म्हणून पाहुण्याला सावध करायचं असेल तर ‘लॉट्स ऑफ चिली’ असं सरळ सांगा. गोड्या मसाल्याचं ‘स्वीट मसाला’ करू नका, लोक साखर शोधतील. ‘गोडा मसाला’ तसाच ठेवून त्यात काय असतं ते सांगितलेलं बरं.

तुरटाला ‘अ‍ॅस्ट्रिंजंट’ शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात तो फारसा नसतो. जांभूळ किंवा कच्चं केळं कसं लागतं ते सांगताना ‘इट मेक्स युअर माउथ फील ड्राय’ म्हटलं की पटकन कळतं. आंबटाला ‘सावर’ आहे, पण नासलेल्या दुधालाही तेच म्हणतात. कोकम, कैरी यांच्या हव्याहव्याशा आंबटपणाला ‘टार्ट’ किंवा ‘टँगी’ चांगलं. आमटी खारट झाली तर ‘टू सॉल्टी’, खारे शेंगदाणे मात्र ‘सॉल्टेड’. अळणीसाठी नेमका शब्द रोजच्या इंग्रजीत नाही. ‘इट नीड्स सॉल्ट’ हेच सगळे म्हणतात. जेवणानंतर ‘काहीतरी गोड’ म्हणजे ‘समथिंग स्वीट’ किंवा ‘डेझर्ट’, नुसतं ‘अ स्वीट’ म्हटलं तर ब्रिटनमध्ये बहुधा गोळी-चॉकलेट समजतील.

आयुर्वेदाचं इंग्रजीत वाचताना एक खाच सांभाळा. षड्रसांतला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठी कानाला हे उलटं वाटतं. इंग्रजी पुस्तकांत कटूला ‘पंजंट’ आणि तिक्ताला ‘बिटर’ लिहिलेलं असतं, ते बरोबर आहे. पण आयुर्वेदाबाहेर ‘पंजंट’ हा शब्द जास्त करून उग्र वासासाठी वापरतात. हिंग, सुकट यांना तो शोभतो.

सराव

उत्तर झाकून आधी स्वतः करून पाहा. प्रत्येक ठिकाणी छोटा शब्द कुठला, याकडे लक्ष ठेवा.

दुधाला करपल्याची चव आलीय. ‘द मिल्क टेस्ट्स बर्न्ट.’ गुण सांगायचाय, म्हणून विशेषण.

तिची साड्यांची निवड फार सुंदर आहे. ‘शी हॅज लव्हली टेस्ट इन सारीज.’ मागे ‘अ’ नाही, पुढे ‘इन’.

चाखून सांग, मीठ बरोबर आहे का. ‘टेस्ट धिस अँड टेल मी इफ इट नीड्स सॉल्ट.’

इटलीत राहून त्याला ऑलिव्हची आवड लागली. ‘ही डेव्हलप्ड अ टेस्ट फॉर ऑलिव्ह्ज इन इटली.’

तो विनोद त्या प्रसंगी शोभला नाही. ‘द जोक वॉज इन पुअर टेस्ट.’

कारल्याचा कडवटपणा बराच वेळ जिभेवर राहतो. ‘बिटर गोर्ड लीव्ह्ज अ बिटर आफ्टरटेस्ट.’

त्याच्या वागण्याने मनात कडवटपणा राहिला. ‘हिज बिहेव्हियर लेफ्ट अ बॅड टेस्ट इन माय माउथ.’ मराठीत मन, इंग्रजीत तोंड. हा ठरलेला वाक्प्रचार आहे, त्यात बदल करता येत नाही.

जशास तसं मिळालं त्याला. ‘ही गॉट अ टेस्ट ऑफ हिज ओन मेडिसिन.’ हाही ठरलेला, ‘ऑफ’सकट.

रस्सा छान लागतोय, पण माझ्या मानाने जरा तिखट आहे. ‘इट टेस्ट्स ग्रेट, बट इट्स अ बिट टू स्पायसी फॉर मी.’ इथे ‘फॉर माय टेस्ट’ही चुकणार नाही, पण एका वाक्यात ‘टेस्ट’ दोनदा आला की कानाला खटकतं, म्हणून शेवटी नुसतं ‘फॉर मी’.